जुन्या फ्रेंच तिजोऱ्या व अनेक किल्ल्यांचा पुरावा : एक परीक्षण

जुन्या दप्तरांच्या शोधार्थ हिंडणाऱ्यांस बंद पेटी दिसली म्हणजे तींतील कागदांपलीकडे दुसरें कांहीं दिसत नाहीं. ही दृष्टि स्वाभाविक असली तरी शास्त्रीय नव्हे. पेटीचें कुलूप, तिच्या किल्ल्या, तिजवरील कारखानदाराची पट्टी हींहि इतिहासाचीं साधनेंच होत; आणि कागद हातीं येण्याच्या घाईंत या साधनांचा जो नाश होतो, त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. प्रस्तुत लेखांत अनेक किल्ल्यांच्या फ्रेंच तिजोरीच्या निमित्तानें या रीतीचें परीक्षण करावयाचें योजिलें आहे.

निमित्त असें घडलें. सांगलीहून फार दूर नसलेल्या कृष्णाकांठच्या एका गांवीं, एका जुन्या घराण्याच्या वाड्यांत एक लोखंडी तिजोरी होती. दारावर चार पितळी मुठी, प्रत्येक मुठीभोंवतीं रोमन अक्षरें कोरलेलीं, आणि घरांत एका कडींत ओंविलेल्या तीन किल्ल्या. एकहि किल्ली फिरेना, म्हणून घरच्या मंडळींनीं कारागीर आणून गॅसच्या ज्योतीनें दार कापविलें. आम्ही पोंचलों तेव्हां वरच्या रुमालाची कड करपली होती व खालचे रुमाल सोडून सर्व कागद एकत्र केलेले होते. कोणता कागद कोणत्या कप्प्यांत होता, हें कोणासहि सांगतां येईना. एवढ्यावरच भागलें नाहीं. “तीन भावांच्या तीन किल्ल्या, तिघे जमल्याखेरीज तिजोरी उघडत नसे,” अशी आख्यायिका आम्हांस ऐकविण्यांत आली, व ती प्रसिद्ध करावी अशी सूचनाहि झाली.

आख्यायिका मोहक खरी. परंतु तीस प्रमाण काय? कापून टाकलेल्या दाराच्या तुकड्यावर पितळेची पट्टी शाबूत होती, व तीवर पॅरिस येथील १८८९ च्या प्रदर्शनांतील पदकाचा उल्लेख होता. पॅरिसचीं मोठीं प्रदर्शनें १८५५, १८६७, १८७८, १८८९ व १९०० या सालीं भरलीं. कारखानदार आपणांस मिळालेलीं पदकें पट्टीवर अभिमानानें कोरीत. त्यामुळें पट्टीवरील शेवटच्या पदकाहून ती पट्टी जुनी असूं शकत नाहीं. उलट त्याच तिजोरींतून निघालेलें तिघां भावांचें वाटणीपत्र १८८९ च्या पूर्वींचें आहे. म्हणजे भाऊ विभक्त झाल्यानंतर ही तिजोरी घरांत आली. कागदाचा काळ ठरवितांना आपण शक, तिथि व शिक्का ताडून पाहतों. तोच न्याय लोखंडास लाविला असतां आख्यायिका एका क्षणांत गळून पडली.

मग किल्ल्या तीन कां? याचें उत्तर यंत्ररचनेंत आहे. आपल्याकडे परिचित असलेली तिजोरी म्हणजे विलायती चब्ब कंपनीची, किंवा पुढें गोदरेजची. चब्बचें प्रसिद्ध कुलूप १८१८ सालचें; अर्देशीर गोदरेज यांनीं मुंबईस कुलुपांचा कारखाना १८९७ त काढिला व १९०२ पासून तिजोऱ्या करण्यास आरंभ केला. या तिजोऱ्यांवर हात बसलेला कारागीर फ्रेंच तिजोरीपुढें अडखळतो, कारण तिची परंपरा निराळी. पॅरिसचा कुलुपकार अलेक्सांद्र फिशे याचें दुकान १८२५ चें. रँस शहराजवळचा बोश याचा कारखाना १८६४ चा. ही दोन नांवें १९६७ त एक झालीं. या व हाफनेरसारख्या इतर फ्रेंच कारखान्यांच्या तिजोऱ्यांत किल्ली व अक्षरमुठी यांची सांगड घातलेली पुष्कळदां आढळते. ठरलेलीं अक्षरें खुणेसमोर आणल्याखेरीज योग्य किल्लीहि फिरत नाहीं. चार मुठी व प्रत्येकीवर सव्वीस अक्षरें धरलीं तर ४,५६,९७६ जुळण्या होतात. तेव्हां किल्ली फिरली नाहीं एवढ्यावरून ती खोटी किंवा कुलूप गंजलेलें, असें अनुमान काढणें चुकीचें आहे.

किल्ल्यांची कामेंहि वांटलेलीं असत. एक किल्ली मुख्य अडसर सरकविणारी. दुसरी दिवसा दार नुसतें लोटून ठेवण्याच्या लहान खिटीची. तिसरी आंतील छोट्या कप्प्याची. या कप्प्यास फ्रेंच लोक ‘त्रेझोर’, म्हणजे खजिना, असेंच म्हणतात. तिन्ही किल्ल्या एकाच मालकाच्या कमरेस असण्यास कांहींच हरकत नव्हती. किल्ल्यांची संख्या ही माणसांची संख्या नव्हे, हा या परीक्षणाचा मुख्य मुद्दा आहे.

याचा अर्थ अनेक किल्ल्या म्हणजे अनेकांचा पहारा असें कधींच नसे, असा नव्हे. ११९९ सालीं तिसरा इनोसंट या पोपनें धर्मयुद्धाच्या निधीसाठीं चर्चमध्यें पेट्या ठेवविल्या; त्यांच्या तीन किल्ल्या बिशप, स्थानिक धर्मगुरु व एक गृहस्थ यांजकडे असाव्या असा त्याचा हुकूम होता. इंग्रजी अमलांत सरकारी खजिन्यास दुहेरी कुलूप घालून एक किल्ली अधिकाऱ्याकडे व दुसरी खजिनदाराकडे ठेवण्याचा नियम होता. आपल्या मराठी राज्यव्यवहारांत हेंच तत्त्व लोखंडांत नसून कागदांत होतें. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार व पोतनीस हे दरकदार आपापल्या वतनानें काम पाहात, मामलेदारास त्यांना परभारें काढितां येत नसे, व ज्याची निशाणी ज्या कागदावर हवी तिच्यावांचून तो कागद पुरा होत नसे. ही खरी अनेक किल्ल्यांची तिजोरी. परंतु या सर्व ठिकाणीं आपणांस लेखी नियम किंवा वहिवाट दाखवितां येते. घरगुती तिजोरीविषयीं असें विधान करावयाचें तर किल्ल्यांची यादी, वाटणीपत्र, अथवा किल्ली सोंपविल्याची पावती पुढें केली पाहिजे. नुसता किल्ल्यांचा जुडगा म्हणजे पुरावा नव्हे.

सातारा व सांगली या भागांतील संशोधकांस हा विवेक नवा नाहीं. वाईजवळील मेणवलीच्या नाना फडणिसांच्या दप्तराचें मोल तें कोणाच्या घरचें होतें यांत जितकें आहे, तितकेंच तेथील कागद एकमेकांशीं जोडून वाचतां येतात यांत आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस राहून पटवर्धनी कागदांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला, तो कालक्रमानें व संदर्भानें लावून दिल्यामुळेंच उपयोगी झाला. साताऱ्याचा पारसनिसांचा संग्रह १९३९ त पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. स्थळ बदललें तरी संग्रह एका ठिकाणीं राहिल्यानें अभ्यासकांची सोय राहिली. १८०१ सालीं चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून विभक्त होऊन सांगलीस आले. अशा विभागणीच्या काळचे कागद कोणाच्या ताब्यांत होते हें कळणें म्हणजे अर्धा इतिहास कळणें होय. कप्प्यांतील जागा हा त्या ताब्याचा पुरावा असतो, आणि रुमाल सोडून ढीग केल्यानें नेमका तोच बुडतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी. तिजोरीस हात लावण्यापूर्वीं दार, पट्टी, मुठींची सध्यांची स्थिति व किल्ल्यांवरील आंकडे यांचें छायाचित्र घ्यावें. कित्येक फ्रेंच तिजोऱ्यांत किल्लीचें भोंक सरकत्या झांकणाखालीं किंवा फिरत्या बोंडाखालीं लपविलेलें असतें. तें आधीं शोधावें. कोणती किल्ली कोणत्या भोंकांत किती जाते हें जोर न करितां पाहून लिहून ठेवावें. जमाखर्चाच्या वह्यांत, पत्रांच्या पाठीवर रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणी दिसली तर ती उपेक्षूं नये. तीच मुठींची गुरुकिल्ली असण्याचा संभव असतो. हें सर्व करून भागलें नाहीं तर जाणता कुलुपकार आणावा. तो विचारपूर्वक निवडलेल्या जागीं एक बारीक छिद्र पाडून काम करील, व तें मागाहून बुजवितांहि येईल. ज्योतीनें कापणें मात्र सर्वथा वर्ज्य समजावें. आंतील कागद जळतात हें एक. शिवाय कांहीं जुन्या तिजोऱ्यांच्या भरावांत ॲसबेस्टॉस असतें, व त्याची धूळ फुफ्फुसांस घातक आहे. दार उघडल्यावर तें लगेच लावूं नये. उघड्या दारींच अडसर पुढेंमागें करून किल्ल्या व अक्षरें पुनःपुन्हां तपासावीं. आणि कप्प्यांचा नकाशा काढून, प्रत्येक रुमालास त्याच्या जागेचा आंकडा दिल्यावरच कागद हलवावे.

उपर्युक्त वाड्यांतील तिजोरीचें दार आतां पुन्हां जुळणार नाहीं, व रुमालांचा मूळ क्रमहि मिळणार नाहीं. पितळी पट्टी तेवढी घरच्या मंडळींनीं आमच्या विनंतीवरून त्या कागदांबरोबरच जपून ठेविली आहे, व तिन्ही किल्ल्या तिच्याशीं बांधिल्या आहेत. तीन भावांची गोष्ट तेथें अजून सांगितली जाते. ती सांगावी, पण इतिहास म्हणून छापूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.