सावली आणि संधिप्रकाश

मनाच्या तुटलेपणासाठी मराठी कवितेने आभाळातली एक वेळ जणू नेमूनच दिली आहे : संध्याकाळ. ग्रेस यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हा संग्रह १९६७ चा. मी तो वर्गात शिकवतो आणि मला तो आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. आपल्यातल्या काही मित्रांना ते रुचणार नाही.

सूर्य क्षितिजाखाली गेला तरी वरच्या हवेत विखुरलेला उजेड काही काळ टिकतो. तो चहूकडून येतो, म्हणून कशाचीच ठळक सावली पडत नाही. वस्तूंच्या कडा पुसट होतात. आपण कुठे संपतो आणि जग कुठे सुरू होते हे न कळणाऱ्या मनाला याहून नेमकी प्रतिमा मिळणे कठीण. माझा आक्षेप प्रतिमेवर नाही, ती वाचण्याच्या रीतीवर आहे. प्रस्थापित समीक्षा ही संध्याकाळ अखिल मानवाची समजते, आणि दलित कवितेत विद्रोह व नकार दिसला की तिथे आत्मनिष्ठ एकाकीपण नाही असा निकाल देऊन मोकळी होते.

पण संध्याकाळ सर्वांची कधी होती? पेशवाईत महार-मांगांना सकाळी ९ च्या आधी आणि दुपारी ३ नंतर पुण्याच्या वेशीआत येण्यास मनाई होती, अशी नोंद घुर्ये यांच्या १९३२ च्या जातिविषयक ग्रंथात आहे. कारण आभाळातलेच. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली माणसाएवढी असते. तो आणखी कलला की ती माणसाहून लांब होते. ज्याला स्वतःच्याच सावलीपासून अंग चोरून जगावे लागले, त्याची परात्मता भर दुपारी सुरू होत होती. दिवेलागणीला त्याच्या वाट्याला येई ती येसकराची पाळी, दारोदार भाकरी मागण्याची. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) ते जग दाखवले, त्याकडेही आपण सामाजिक दस्तऐवज म्हणूनच पाहिले.

हे शिकवत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, उजेड गेला, सावली मिटली, की आपल्या माणसाला सुटल्यासारखं वाटत असेल का एकटं?” मी थांबलो. घरातला पहिला पदवीधर मी. नोकरीच्या गावी जिथे मला कुणी ओळखत नाही आणि जातही विचारत नाही, अशी एखादी संध्याकाळ येते, तेव्हा मला दोन्ही वाटते. ग्रेसांच्या संध्याकाळीत यातले एकटेपण मला सापडते, सुटका सापडत नाही. दोन्ही एकत्र धरणारी कविता उद्या आपल्याकडे कुणी लिहिली, तर तिला वेदनेच्या रकान्यात टाकायचे की विद्रोहाच्या, यावरच आपले समीक्षक भांडत बसतील अशी मला भीती वाटते.