‘द फ्लॅश’ : हरवलेल्या गमतीचे पुनरागमन

दुःख दाखविले की कलाकृतीला आपोआप खोली येते, असा एक समज अतिमानवी नायकांच्या कथांत रूढ झालेला दिसतो. ‘द फ्लॅश’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका या समजाला बळी पडली आणि पुढे त्यातून सावरलीही. म्हणूनच तिच्या चौथ्या पर्वाचा स्वतंत्र विचार करावासा वाटतो.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचा नायक बॅरी ॲलन हा पोलीस खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा तरुण. विजेच्या आघातानंतर त्याला अचाट वेग प्राप्त होतो. आपल्याला असे धावता येते याचा त्याला होणारा निर्मळ आनंद हेच पहिल्या पर्वाचे खरे भांडवल होते, आणि ग्रँट गस्टिन या नटाने तो आनंद मनापासून साकारला. तिसऱ्या पर्वात (२०१६-१७) मात्र हे भांडवल सरले. आईचा मृत्यू टाळण्यासाठी बॅरीने भूतकाळात केलेला बदल, त्यातून ओढवलेले अनर्थ, वाग्दत्त वधू आयरिसच्या हत्येचे आधीच दिसलेले दृश्य, आणि वैदिक देवतेचे नाव धारण करणारा प्रतिनायक सॅव्हिटार, जो अखेर बॅरीचेच भावी रूप निघतो! कल्पना वाईट नव्हती. परंतु भागामागून भाग तोच अपराधगंड, तेच अश्रू. करुण रसाची अशी पुनरुक्ती झाली की तो रस उरत नाही, नुसती सवय होते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या पर्वाने ही कोंडी फोडली. त्याच्या दुसऱ्याच भागात बॅरी आणि आयरिस विवाहपूर्व समुपदेशनासाठी जातात. नेहमीच्या संकटांची यादी एका अनभिज्ञ समुपदेशिकेपुढे मांडताना दोघांची जी तारांबळ होते, ती पाहून हसू आवरत नाही. सिस्कोने हौसेने बनवलेला नवा पोशाख ऐन झटापटीत शत्रूच्या ताब्यात जातो आणि नायकाची पुरती त्रेधा उडते. पण याच हसण्याच्या ओघात आयरिसच्या तोंडून खरी वेदना बाहेर पडते : मला न विचारता, मला मागे ठेवून तू निघून गेलास. मागील पर्वाच्या अखेरीस बॅरीने केलेला त्याग तेथे उदात्त म्हणून दाखविला होता. येथे त्याच त्यागातील एकतर्फीपणा उघडा पडतो. जे अश्रूंना साधले नाही ते विनोदाने साधले. माझ्या मते या पर्वाचे महत्त्व येथे आहे.

सारेच जमले आहे असे नाही. रबरासारखा ताणला जाणारा राल्फ डिबनी पुष्कळदा हसवतो, पण त्याची थट्टा कधी कधी पातळ होते. आधीच्या तिन्ही पर्वांत मुख्य शत्रू वेगवानच होते. त्यांच्या जागी डेव्हो हा बुद्धिबळावर लढणारा शत्रू आणणे योग्यच होते. उत्तरार्धात मात्र त्याचे कारस्थान लांबते आणि जुने सावट पुन्हा पसरते.

मालिका नऊ पर्वांनंतर २०२३ मध्ये संपली. आज मागे वळून पाहताना चौथ्या पर्वाचे ते आरंभीचे भाग पुन्हा पाहावेसे वाटतात. विनोदाला आपण गांभीर्याचा विरोधक मानतो. तो पुष्कळदा गांभीर्याचा परीक्षक असतो. जे दुःख हसण्याच्या शेजारी उभे राहू शकते, तेच खरे, एवढे तरी हा धावणारा तरुण सांगून जातो.