नव्वद व्होल्टची काटकसर

जुन्या रेडिओची पारख पाठीमागून करावी. पुढून तो गिऱ्हाइकासाठी सजवलेला असतो. पाठीचं पुठ्ठ्याचं झाकण उतरवलं की करणाऱ्याचा हात दिसतो. नगर जिल्ह्यात एखाद्या वाड्याच्या माळ्यावर सापडावा असा, ड्राय बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा रेडिओ मला म्हणूनच हिरवा डोळा मिचकावणाऱ्या भारी संचांहून प्रिय आहे. त्याला विजेची वायरच नाही. आत व्हॉल्व्ह मोजून चार.

त्यांच्या काचेवरचे पुसट आकडे वाचा: डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. ‘डी’ दिसला की समजावं, आतली तार १.४ व्होल्टची. ‘९६’ दिसलं की संच १९५० च्या दशकातला किंवा नंतरचा. आधीच्या ‘९१’च्या मालिकेत एकेक तार ५० मिलिअँपिअर खाई, इथे ती २५ वर आली, फक्त आवाज देणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हला ५०. चौघांचा मिळून हिशेब १२५ मिलिअँपिअर, म्हणजे एका वॅटच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. विजेवरच्या संचातला ईसीएच ८१ हा एकटा व्हॉल्व्ह नुसता तापायलाच याच्या दसपट शक्ती घेतो. केसाहून बारीक असलेली ही तार दिवसाउजेडी पेटलेलीही दिसत नाही. पण बटण फिरवताच रेडिओ बोलतो, तापायची वाट पाहावी लागत नाही. गरिबाघरच्या संचाची ही ऐट श्रीमंत संचाला कधी साधली नाही.

बॅटरीचा ठोकळाही उघडून पाहण्यासारखा. त्यात दीड व्होल्टचे साठ सेल एकापुढे एक जोडलेले, म्हणून ९० व्होल्ट. तारांसाठी दीड व्होल्टची सोय वेगळी. संच एकदाच विकत घ्यायचा, ठोकळा मात्र पुन्हा पुन्हा. त्यामुळे रचनाकाराने जमेल त्या भागाकडून एकाहून जास्त कामं करून घेतली आहेत. डीके ९६ स्वतःची लहर तयार करतो आणि ती आलेल्या लहरीत मिसळतोही. डीएएफ ९६ त्या लहरीतून आवाज वेगळा काढतो, त्याला पहिला जोर देतो, शिवाय रात्री पुणे केंद्र कधी जवळ, कधी लांब गेल्यासारखं वाटे, ती चढउतारही सावरतो. एका काचेत तीन कामं, आणि कुठेही ओढाताण नाही.

समोर डायलला दिवा नाही. तो लावला असता तर चारही व्हॉल्व्हच्या तारांहून जास्त वीज त्यानेच खाल्ली असती. काही संचांत त्याऐवजी इवल्याशा खिडकीत एक पट्टी असते. बटण फिरवलं की तिचा रंग बदलतो. रेडिओ चालू राहून बॅटरी उतरू नये एवढ्यासाठी ही योजना, आणि तिला विजेचा थेंबही लागत नाही. मला या संचातली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते.

आवाजाची ताकद जेमतेम वॅटचा पाचवा हिस्सा. तो वाया जाऊ नये म्हणून स्पीकर दमदार चुंबकाचा, पेटी लाकडी, पाठ मोकळी. तबल्याचा बायां लांबच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो, हे खरं. पण बोलणाऱ्या माणसाचा शब्दन् शब्द स्वच्छ.

आणि खेड्यात तोच हवा होता. पुणे आकाशवाणी १९५३ मध्ये सुरू झाली. युनेस्कोच्या मदतीने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तिने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं त्यात होती, आणि त्या पाचांत नगर होता. कार्यक्रम एकूण वीस, आठवड्याला दोन. मंडळात साधारण वीस माणसं. आधी ऐकायचं, मग त्यावर बोलायचं. पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने त्याचा अभ्यास केला. विजेचा खांब न पोचलेल्या गावात सार्वजनिक संच बॅटरीवरच चालणार, आणि वॅटच्या तेवढ्याशा हिश्श्यात वीस माणसांपर्यंत शब्द पोचवणार. अभ्यासकांनी प्रयोगाची चर्चा पुष्कळ केली आहे, त्या पेटीची फारशी नाही. बाहेर उंच एरियल, जमिनीत अर्थची तार. अर्थची जागा ओली हवी म्हणून तिथे पाणी ओतायचं, तेही आपल्या अवर्षणी तालुक्यांत!

पुढे टॉर्चच्या सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर आले आणि ९० व्होल्टचे ठोकळे बाजारातून गेले. संच बिघडले नाहीत, उपाशी राहिले.

तुमच्या माळ्यावर असा एखादा असेल तर भंगारात घालू नका, आणि घरच्या विजेला तर मुळीच जोडू नका. नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या ओळीने जोडल्या की ९० होतात; तारांसाठी दीड व्होल्टचा सेल वेगळा. मात्र जोडणी जाणकाराकडूनच करून घ्या. ते ९० व्होल्ट चुकून तारांवर गेले, तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जळतात.