बिऱ्हाडकरूंचा कादंबरीकार

बदलीचा हुकूम हाती पडल्यावर परमुलखात पहिली शोधाशोध करावी लागते ती बिऱ्हाडाची, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. सरकारी निवासस्थानाच्या यादीत आपला क्रमांक लागेपर्यंत कोणाच्या तरी माडीवरच्या दोन खोल्या पत्कराव्या लागतात. आडनावाची, जातीची, सामिष-निरामिष जेवणाची चौकशी होते आणि सर्व जुळत आले असे वाटते तोच ‘जागा कालच गेली’ असे उत्तर मिळते. हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या गाठीस आहे. त्याचे साहित्य मात्र आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. म्हणून परक्या शहरातील भाड्याची खोली हाच ज्याच्या लेखनाचा गाभा आहे, अशा एका कादंबरीकाराविषयी येथे लिहावयाचे योजले आहे.

सॅम्युएल सेल्व्हन (१९२३–१९९४) हा त्रिनिदादचा. त्याचे वडील मूळचे मद्रासकडचे. १९५० साली तो लंडनला आला आणि १९५६ साली त्याची ‘द लोन्ली लंडनर्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक मोझेस अनेक वर्षे लंडनमध्ये राहून मुरलेला बिऱ्हाडकरू आहे. बोटीने येणारा प्रत्येक नवखा कोणाची तरी ओळख सांगत त्याच्या बेजवॉटरच्या खोलीवर येऊन थडकतो. कादंबरीच्या आरंभी तो गॅलहॅड नावाच्या अशाच एका तरुणास उतरवून घेण्यासाठी वॉटर्लू स्थानकावर जातो. ऐन हिवाळ्यात पातळ सूट घालून, सामान म्हणून केवळ दात घासण्याचा ब्रश घेऊन आलेला हा तरुण आपणांस हसवितो. पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

या कादंबरीकडे वर्णद्वेषाविरुद्धचा आक्रोश म्हणून पाहण्याची प्रथा आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. द्वेष तेथे आहेच. परंतु तो शिवीगाळ करीत नाही, सौजन्याने दार लोटून घेतो. जागा रिकामी असते आणि अर्जदाराचा चेहरा दिसताच ती भरलेली असते. त्या काळी अशा नकारावर कायद्याचा काही इलाज नव्हता. १९६५ च्या ब्रिटिश वंशसंबंधविषयक कायद्याने घरांचा प्रश्न वगळला होता. भाड्याच्या जागेबाबतचा भेदभाव बेकायदा ठरला तो १९६८ च्या कायद्याने. सेल्व्हनचे मोठेपण असे, की तो या अन्यायाचे भाषण करीत नाही. मोझेस नवागतांस मुद्दाम वेगवेगळ्या वस्त्यांत पाठवितो, कारण एके ठिकाणी फार जण दिसले तर लोकांच्या डोळ्यांवर येईल. स्वतःच्याच माणसांची पांगापांग करावयास लावणारी ही व्यवहारी शहाणीव कोणत्याही निषेधापेक्षा अधिक बोलकी आहे.

येथे ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) आठवल्यावाचून राहत नाही. पु. ल. देशपांड्यांचे चाळकरीही भाडेकरूच. पण त्यांना समाज आयता मिळालेला आहे. भिंतीपलीकडचा शेजारी आपलीच भाषा बोलतो, आपल्याच सणास फराळ करतो. मोझेसला हा समाज दर रविवारी सकाळी आपल्या एका खोलीत गोळा करावा लागतो. मंडळी येतात, गावाकडच्या गप्पा मारतात, उठून जातात. खोली पुन्हा खोलीच राहते. घर आणि बिऱ्हाड या दोन शब्दांतील अंतर मराठी माणसास उपजत कळते. सेल्व्हनने तेच अंतर कादंबरीभर रंगविले आहे.

भाषेविषयीचा त्याचा निर्णय तर विशेष मननीय आहे. प्रमाण इंग्रजीत लिहून पाहता कादंबरी पुढे सरकेना, तेव्हा त्याने संवादच नव्हे, तर निवेदनही त्रिनिदादी बोलीच्या वळणावर नेले आणि लेखन वाहू लागले. कथानक सैल आहे, प्रसंग सुटे सुटे आहेत, हा आक्षेप खरा. परंतु बिऱ्हाडकरूचे आयुष्यही तसेच असते, असे म्हणता येईल. स्त्रियांच्या बाबतीत मात्र असे समर्थन चालणार नाही. वाण्यास उधारी द्यावयास लावणारी टॅन्टी वगळता इतर बहुतेक स्त्रिया पुरुषांच्या नजरेपलीकडे जात नाहीत. परमुलखात संसार मांडण्याचा खरा भार जिच्यावर पडतो, तिचे मन येथे बंदच राहते.

‘द हाउसिंग लार्क’ (१९६५) मध्ये भाड्यास कंटाळलेली मंडळी घर विकत घेण्यासाठी वर्गणी जमवितात. निधी ज्याच्या हाती, तोच तो खर्चून बसतो, आणि कामास नेट येतो तो बायका पुढे सरसावल्यावर. पहिल्या कादंबरीतील उणीव लेखकास जाणवली असावी, असे मानण्यास जागा आहे. ‘मोझेस असेंडिंग’ (१९७५) मध्ये मोझेस स्वतःच घरमालक होतो, वरच्या मजल्यावर राहावयास जातो आणि ज्यांच्यातून आला त्यांच्याशीच मालकी तोऱ्याने वागू लागतो. अखेर त्याची रवानगी तळघरात होते. उपहास झोंबणारा आहे. पहिल्या कादंबरीतील कारुण्य मात्र त्यास लाभलेले नाही.

आमच्या मनात राहून राहून येते ते निराळेच. परप्रांतात वर्षानुवर्षे राहिलेल्या आपल्या मराठीत तेथील भाषेचे शब्द, हेल आणि वाक्यरचनाही शिरते. घरात आपण तीच बोलतो. पण लेखणी हाती घेताच पुण्याची मराठी आठवू लागतो, आणि त्याबरोबर जगलेले बरेचसे गळून पडते. सेल्व्हनची अडचण हीच होती, आणि ती त्याने धैर्याने सोडविली. या तीन पुस्तकांपैकी पहिले तरी आमच्या वाचकांनी अवश्य वाचावे. आणि ज्यांच्यापाशी माडीवरच्या दोन खोल्यांची हकीकत असेल, त्यांनी ती ज्या मराठीत घडली त्याच मराठीत लिहून पाहावी.