जीर्णोद्धाराची स्मरणिका : एक परामर्श

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे नसरापूरपाशी एक फाटा वेल्ह्याकडे वळतो. तोरणा आणि राजगड पाहण्यास जाणारी मंडळी याच वाटेने जातात. भोर तालुक्यातील या नसरापुरात बनेश्वराचे देवालय आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास ते उभे राहिले. तेथे एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रूस कोरलेला आहे आणि १६८३ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चच्या ज्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर आल्या, त्यांतील ही एक. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या घाटावर १७०७ सालची अशीच एक घंटा असून तिच्यावर बाळ येशूसह मारियामातेची आकृती आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा तर मराठी बोलण्यातच जाऊन बसली आहे.

जुन्या चर्चच्या शोधात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत कोणी जाणार नाही. तरीही आपल्या चर्चवास्तूंच्या जतनाचा विषय निघाला की आम्हांस प्रथम ही घंटा आठवते. एक क्रूस आणि चार आकडे, एवढाच तिचा मजकूर. पण तेवढ्यात ती कोणाची आणि केव्हाची, हे दोन्ही प्रश्न सुटतात. जी वस्तू आपली ओळख अशी अंगावर वागवते, तिची आठवण पुसणे कोणालाही सोपे जात नाही. ही कसोटी हाती घेऊन आज आम्ही आपल्या समाजातील एका लेखनप्रकाराकडे पाहणार आहोत. तो प्रकार म्हणजे चर्चच्या जीर्णोद्धारासाठी निघणारी स्मरणिका.

कथा-कवितांची परीक्षणे आपण छापतो. स्मरणिकेकडे मात्र समीक्षकाच्या दृष्टीने कोणी वळत नाही. छप्पर गळू लागते, भिंतीस तडा जातो, शताब्दी जवळ येते. मग समिती नेमली जाते आणि निधी उभारण्यासाठी समिती स्मरणिका काढते. त्या स्मरणिकेच्या आधाराने पैसा जमतो आणि त्या पैशाने एखादी जुनी वास्तू तरते किंवा भुईसपाट होते. ज्या लेखनाने भिंती राहतात वा पडतात, ते समीक्षेच्या कक्षेबाहेर कसे राहील? येथे आम्ही कोणा एका धर्मग्रामाचे नाव घेत नाही. दोष प्रकाराचा आहे आणि त्यात आमचाही वाटा आहे.

या प्रकाराची रचना आता ठरून गेली आहे. आरंभी संदेश : महागुरुस्वामींचा, धर्मगुरूंचा, लोकप्रतिनिधींचा. मग समितीची छायाचित्रे. मग 'आमच्या चर्चचा इतिहास' हा दोन पानी लेख, बहुधा मागील स्मरणिकेतून उचललेला, मागच्या चुकांसह. त्यानंतर आवाहन, एकदोन कविता, जाहिराती आणि शेवटी देणगीदारांची यादी, रकमेच्या उतरत्या क्रमाने. शंभर पाने वाचून झाल्यावर वाचकाने डोळे मिटावे आणि ते चर्च डोळ्यांपुढे आणून पाहावे. काही दिसत नाही. भिंत कशाची आहे, दगडाची की विटांची? चुना कोणता? छपराचे लाकूड सागाचे की आणखी कसले? वेदीवरचे नक्षीकाम कोणत्या सुताराच्या हातचे? पाणी नेमके कोठून झिरपते आणि ते थांबवण्यास खर्च किती? ज्या वास्तूसाठी हात पसरला, ती वास्तूच मजकुरात नाही. आहेत ती माणसे, तीही देणारी. बांधणारी नाहीत.

भाषेचेही तसेच. 'भव्यदिव्य', 'ऐतिहासिक वारसा', 'तन-मन-धन अर्पून' हे शब्द गैर नाहीत. पण ते कोणत्याही चर्चला लावता येतात, म्हणूनच ते कोणत्याच चर्चचे नसतात. नाव झाकले तर ही स्मरणिका वसईची, मुंबईची की पुण्याची, हे ओळखू येऊ नये, याहून मोठा वाङ्मयीन दोष कोणता? सर्वांत मोठी फसगत झाली आहे ती 'जीर्णोद्धार' या सुंदर शब्दाची. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार, हा त्याचा अर्थ. आपल्या स्मरणिकांत मात्र पुष्कळदा त्याचा अर्थ जीर्णाचा निकाल लावणे असा होऊन बसला आहे. पहिल्या पानावर जुन्या चर्चचे धूसर छायाचित्र, शेवटच्या पानावर नव्या इमारतीचे रंगीत चित्र, आणि मधली सगळी पाने वारशाच्या गौरवाची! वारसा जपू या म्हणून निधी मागावा आणि वारसा पाडण्यास तो वापरावा, यातील विसंगती लिहिणाऱ्याच्या ध्यानी येत नाही, कारण शब्द गुळगुळीत झाले आहेत.

या प्रकारचा आदर्श नमुना शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पवित्र शास्त्रातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय उघडावा. मंदिराच्या डागडुजीसाठी निधी जमवल्याची ती हकिगत आहे. योवाश राजाने आज्ञा केली की याजकांनी लोकांकडून पैसा घ्यावा आणि मंदिराची मोडतोड दुरुस्त करावी. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले, तरी एका भेगेसही हात लागला नव्हता. लेखक हे आडपडदा न ठेवता सांगतो. याजकांची अब्रू झाकण्याचा यत्न करीत नाही. मग यहोयादा या प्रमुख याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणास भोक पाडले आणि आत येणाऱ्याच्या उजव्या हातास, वेदीजवळ ती ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक मिळून पैसा मोजत, थैल्यांत बांधत आणि कामावरच्या मुकादमांच्या हाती देत. तो पैसा सुतार, गवंडी, पाथरवट, लाकूड आणि घडीव दगड यांवर खर्च होई. त्यातून चांदीची पात्रे वा कर्णे घडवले गेले नाहीत, हेही लेखक मुद्दाम नोंदवतो.

हा मजकूर समीक्षकाच्या नजरेने पाहिला तर काय आढळते? विशेषणे जवळजवळ नाहीत. पेटीचे भोक आहे, तिची जागा आहे, मोजणारे दोघे आहेत, कारागिरांचे व्यवसाय आहेत, आणि कशावर खर्च झाला नाही तेही आहे. देणगीदारांची यादी नाही. इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात, चोविसाव्या अध्यायात, हीच कथा पुन्हा येते तेव्हा लोकांनी आनंदाने दान टाकल्याचे सांगितले आहे, आणि काम पुरे झाल्यावर उरलेल्या पैशातून पात्रे केल्याचाही उल्लेख आहे. दोन्ही वृत्तांतांत क्रम मात्र स्पष्ट आहे : आधी भिंत, मग शोभा. आपण नेमके उलट करतो. गळके छप्पर तसेच ठेवून आधी वेदीस संगमरवर बसवतो, कारण संगमरवरावर नाव कोरता येते, कौलाखालच्या वाशावर येत नाही.

येथे आमची कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाची स्मरणिका आम्ही स्वतः संपादित केली. एका वृद्ध सुताराने आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली, चर्चच्या छपराची कैची कशी चढवली त्याची हकिगत आम्हांस सांगितली होती. आम्ही ती लिहून काढली. छपाईच्या आदल्या दिवशी एक पूर्ण पानाची जाहिरात आली. पाने वाढवणे परवडणारे नव्हते. आम्ही ती हकिगत काढली आणि जाहिरात घातली. पुढे सुतार देवाघरी गेले आणि कागदही हरवला. त्या पानाचे पैसे कशात खर्च झाले ते आज आम्हांस आठवत नाही. काय गाळले ते मात्र आठवते. तेविसाव्या वर्षापर्यंत हातावर हात ठेवून बसलेल्या त्या याजकांविषयी वाचताना आम्ही मान वर करीत नाही, ती यामुळे.

मजकुरात वास्तू नसली तर बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. वास्तू समजून न घेता जमवलेला पैसा वास्तूच्या मुळावर येतो. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात आणि चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, जांभा दगड कुजू लागतो आणि दहा-वीस वर्षांत 'इमारत धोकादायक झाली' असे आपणच म्हणू लागतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेचे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे. १९५० च्या दशकात तिचा बाहेरचा गिलावा उतरवण्यात आला. उघडा पडलेला जांभा अधिक प्राचीन दिसला खरा, पण पावसाने तो झिजत आला आणि त्याची चिंता आजवर सरलेली नाही. हेतू वाईट नव्हता. वास्तूचे ज्ञान अपुरे पडले. उलट बाजूस, भायखळ्याचे ग्लोरिया चर्च पाहावे. १९११ ते १९१३ या काळात बांधलेल्या या चर्चच्या जतनकार्यास २०१९ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत स्थान मिळाले. जे होते ते नीट ओळखून केलेल्या डागडुजीचा तो गौरव होता.

याचा अर्थ नवे बांधूच नये असा नव्हे. दादरच्या पोर्तुगीज चर्चची जुनी वास्तू १९७० च्या दशकात गेली आणि तेथे चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याचे नवे चर्च झाले. ते आवडो वा न आवडो, ते नवे आहे आणि नवे म्हणूनच उभे आहे. भाविकांची संख्या वाढली, जुनी जागा अपुरी पडली, तर तसे सरळ लिहावे आणि नव्या चर्चसाठी सरळ निधी मागावा. आमचा आक्षेप खोट्या शब्दांस आहे. आणि येथे प्रश्न केवळ शैलीचा उरत नाही. भाविकांनी ठराविक उद्देशाने दिलेले दान त्याच उद्देशासाठी वापरावे, असे कॅनन लॉच्या १२६७ व्या कलमात सांगितले आहे. आणि भाविकांनी दिलेल्या धनाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे १२८७ व्या कलमात. दुरुस्तीसाठी म्हणून मोलमजुरी करणाऱ्या बाईने पन्नास रुपये दिले असतील, तर स्मरणिकेतील 'जीर्णोद्धार' हा शब्द तिच्याशी केलेला करार ठरतो. त्याचा अर्थ मागाहून बदलणे ही लबाडी आहे, मग ती कितीही भाविक भाषेत केलेली असो.

एक आक्षेप याहून जड आहे. समाजात गरीब असताना, मुलांच्या फीची भ्रांत असताना जुन्या दगडांवर पैसा का घालावा? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. धर्मगुरूच्या दारी तो दर जून महिन्यात उभा राहतो. आमचे उत्तर एवढेच की, योग्य वेळी केलेली डागडुजी हीच सर्वांत स्वस्त असते. दर वैशाखात कौले चाळली, पन्हळी साफ केल्या, भिंतीत रुजलेला पिंपळ रोप असतानाच उपटला, तर लाखोंचा निधी जमवण्याची वेळच येत नाही. गरिबांचा घास हिरावला जातो तो जतनापायी नव्हे, दुर्लक्षापायी आणि त्यानंतरच्या भपक्यापायी.

यादीविषयीही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. नाव छापल्याखेरीज मोठी रक्कम निघत नाही, हा अनुभव आम्हांसही आहे. छापावीत नावे, पण वर्णानुक्रमे छापावीत आणि रकमा गाळाव्यात. मंदिराच्या दानपेटीपाशी बसलेल्या प्रभूने विधवेच्या दोन नाण्यांकडे शिष्यांचे लक्ष वेधले, तेव्हा यादीचा उतरता क्रम त्याने कायमचा उलटवून टाकला होता. त्याच्या नावे निघणाऱ्या पुस्तिकेत आपण तो पुन्हा सुलटा करू नये.

मग चांगली स्मरणिका कशी असावी? पहिल्या पानावर वास्तूची प्रकृती लिहावी : काय भक्कम आहे, काय खचले आहे, जाणकाराचे मत काय, प्रत्येक कामास किती खर्च. इतिहासाच्या लेखात बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या कोणीतरी खरोखर उघडून पाहिल्याचे दिसावे. गवंडी, सुतार, घंटा वाजवणारा, वेदीवरची वस्त्रे धुणारी, यांची नावे यावीत. वयोवृद्धांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, सामवेदीत वा कोळ्यांच्या बोलीत, जशाच्या तशा छापाव्यात. आणि पुढच्या अंकात हिशेब द्यावा, कशावर खर्च केला नाही त्यासह. अशी स्मरणिका जाड होणार नाही. पण पन्नास वर्षांनी छप्पर पुन्हा गळेल, तेव्हा कामावरचा मुकादम ती उघडून पाहील. आम्हांस वाटते, या साहित्यप्रकारास याहून मोठा वाचक नाही.

नसरापूरच्या घंटेकडे परत वळू. वसईच्या किल्ल्यातील ज्या चर्चांत अशा घंटा वाजत, त्यांतील बहुतेकांची आज छपरे नाहीत. घंटा मात्र आहे. ती जिंकून नेली गेली, हे खरे. पण ज्यांनी नेली त्यांनी ती वितळवली नाही, तिच्यावरचा क्रूस घासून काढला नाही, साल पुसले नाही. तिला कौतुकाने सांभाळले. त्याच पेशवाईत पुढे १७९२ साली सवाई माधवरावांनी पुण्यातील कॅथलिकांना चर्चसाठी जागा दिली, हेही येथे स्मरावे. परधर्मीयांनी आपल्या क्रूसाची अशी बूज राखली असता, आपल्याच आजोबांनी बसवलेली लाकडी वेदी आपण जळणात टाकावी आणि त्या कृतीस जीर्णोद्धार म्हणावे, हे आपणांस शोभत नाही.

पुढच्या स्मरणिकेचे संपादन ज्यांच्याकडे येईल त्यांना आमची एकच विनंती. वेल्ह्याच्या वाटेवर कधी गेलात तर नसरापुरास थांबा, ती घंटा पाहा, आणि मग आपल्या चर्चविषयीचे पहिले वाक्य लिहावयास बसा. जाहिरातीसाठी पान कमी पडले, तर आमचा हा लेख गाळा. सुताराची हकिगत गाळू नका.