आठवण हे प्रमाण नव्हे : 'मालगुडी डेज' पुन्हा पाहताना

'लहानपणीच्या मालिका काय सुंदर होत्या!' असं आपण सहज म्हणून जातो. पण न्यायदर्शन स्मृतीला प्रमाण मानत नाही. त्या आठवणीत मालिका किती आणि शेजारच्यांच्या टीव्हीपुढची दाटी किती, हे तपासायचं तर पुन्हा पाहायलाच हवं.

'मालगुडी डेज' घेऊ. १९८०च्या दशकातली दूरदर्शनची मालिका; कथा आर. के. नारायण यांच्या, दिग्दर्शन शंकर नाग यांचं. तेव्हा आपण स्वामीच्या बाजूनं बसलो होतो. गिरीश कर्नाडांनी केलेले वडील आपल्याला नुसते कडक वाटले. आज त्याच चेहऱ्यावर काळजी दिसते. ती तेव्हाही तिथंच होती. नारायण यांच्या मूळ कादंबरीत वडील आंब्यांचं गणित घालतात, आणि स्वामीला प्रश्न पडतो, आंबे पिकलेले होते का? वडिलांचा हिशेब रास्त, मुलाचं कुतूहलही रास्त. लेखक कुणालाच हरवत नाही. मालिकेनं हा तोल सांभाळला, म्हणून वय वाढलं तरी ती पुरते.

जी मालिका एकाच वयात खरी वाटते, तिच्यावरचा आपला जीव खोटा नसतो. पण तो आपल्या बालपणावरचा असतो. त्याला कलेचं माप समजू नये, एवढंच.