तिसरी कोळपणी

बीडहून निघाले की पालीला बिंदुसरा प्रकल्पाचे पाणी लागते. त्याची वाफ किती व्हायची ते ऊन आणि वारा ठरवतात. काळ्या रानात मुरलेल्या पाण्याला मात्र आडोसा असतो, आणि तो आडोसा किती पक्का हे मातीतल्या पोकळ्यांच्या आकारावर ठरते. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, फेब्रुवारी-मार्चात काढायची. मधे पाऊस आला तर आला. सगळी भिस्त साठलेल्या ओलीवर. म्हणूनच कोरडवाहू ज्वारीच्या कोळपणीची शिफारस मी नेटक्या बंदिशीसारखी ऐकतो: पहिली तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने, तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने. दर वेळी अवजार बदलते, आणि मर्म त्या बदलात आहे.

आधी बारीक नळीत काय घडते ते पाहू. काचेच्या ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी आपोआप सुमारे ३० सेंटिमीटर चढते, १ मिलिमीटरच्या नळीत जेमतेम ३. आता भरलेली नळी वाळू द्या. नळी गोल असेल तर पाण्याची पातळी तोंडापासून आत सरकते, वाफेला बाहेर यायचा रस्ता लांबत जातो आणि वाळणे मंदावते. चौकोनी नळीत पाणी मधून खाली गेले तरी चार कोपऱ्यांत त्याची बारीक धार वरपर्यंत टिकते. द्रवाचा काचेशी होणारा स्पर्शकोन ४५ अंशांहून कमी असला की हे जमते. त्या कोपऱ्यांतून द्रव तोंडाशी पोचत राहतो, आणि नळी बराच वेळ जवळपास पहिल्याच वेगाने वाळते. तुलूजच्या मार्क प्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा एकाच चौकोनी नळीच्या वाळण्याचे तीन टप्पे दाखवले. एवढ्याशा नळीत अख्ख्या शेताचे वाळणे दिसावे, याचे मला फार कौतुक वाटते. मातीच्या कणांमध्ये गोल नळ्या कुठल्या? जिथे कण कणाला टेकतो तिथे कोपराच असतो.

कोळप्याची पास वरचा थर कापते तेव्हा ती हीच वाट मोडते. वरची माती भुसभुशीत होते, पोकळ्या मोठ्या होतात, मोठ्या पोकळीला खालचे पाणी ओढून घेता येत नाही. वरचा थर कोरडा पडतो, आणि त्याखालची ओल त्या थरातून फक्त वाफ होऊनच बाहेर पडू शकते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ हा शेतकऱ्यांचा हिशेब याच समजुतीवर उभा आहे. पण रसिकाने भारावून जाऊ नये. काळ्या चिकण मातीत पाणी वर चढते ते फार सावकाश, त्यामुळे पहिल्या दोन कोळपण्यांचे बरेचसे श्रेय तण उपटण्याला जाते. तण पानांतून पाणी उडवते, आणि तेही मुळांच्या खोलीवरून आणून.

भूमितीची खरी कमाल तिसऱ्या कोळपणीत आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि रान भेगाळते. भेग इतकी रुंद की केशाकर्षणाशी, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप चढण्याशी, तिचा संबंध उरत नाही, पण ती खालच्या थराला हवेचे दार उघडून देते. ६० सेंटिमीटर खोल भेग धरा: लांबीच्या दर मीटरला दोन्ही भिंती मिळून १.२ चौरस मीटर नवा पृष्ठभाग. आतली हवा दमट आणि बरीचशी स्थिर, म्हणून त्या भिंती उघड्या जमिनीइतक्या वाळत नाहीत. तरी ओल जाते ती नेमक्या मुळांच्या पट्ट्यातून. आठव्या आठवड्याला सलग पास फिरवून हे भागत नाही. दाते माती उकरतात, भुगा भेगेत पडतो, तोंड बुजते. रुंद, सरळ वाट जाऊन तिथे हजारो वाकड्यातिकड्या, तुटक वाटा येतात. पाण्याचा थेंबही न घालता केलेले हे पाणी-व्यवस्थापन आहे. मोठमोठ्या योजनांच्या मानाने हा दात्यांचा बारकावा मला अधिक देखणा वाटतो.

आता बैल कमी झाले. तणनाशकाने पहिल्या दोन कोळपण्यांचे निम्मे-अधिक काम उरकते, आणि हिशेबाला ते स्वस्तही पडते. फवारणीने भेग मात्र बुजत नाही, आणि कमरेएवढ्या उभ्या ज्वारीत नेहमीचा ट्रॅक्टर घालता येत नाही. तेव्हा बैलजोडी नसलेल्याने तिसऱ्या पाळीपुरती तरी ती भाड्याने आणावी, पहिल्या दोन हुकल्या तरी चालतील, असे माझे मत आहे.